लाल शिकंज्यांची परीक्षा

वाचनालयाच्या खुर्च्या हातगाडीवरून परत आल्या, तेव्हा बारक्या फळीवर रंधा मारत होता. पाय वर करून एकावर एक रचलेल्या त्या खुर्च्या दारात दिसल्या आणि त्याचा रंधा जागच्या जागी थांबला. गाडीबरोबर वाचनालयाच्या बाई स्वतः चालत आल्या होत्या. साधी तक्रार असती तर त्यांनी निरोप धाडला असता.

"एक गृहस्थ पडले," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "रोज पेपर वाचायला येतात. मागं टेकले आणि खुर्चीची पाठच सुटून आली. मनगट मोडलं त्यांचं. मग आम्ही बाकीच्या खुर्च्या हलवून पाहिल्या. सगळ्याच डुगडुगतायत."

बारक्यानं मागं वळून दादाकडे पाहिलं.

बारक्या हे त्याचं नाव घरातलं, लहानपणी पडलेलं. आता त्याचे कानशिलावरचे केस पांढरे झाले होते, दारातून आत येताना मान वाकवावी लागत होती, तरी तो बारक्याच राहिला होता. आणि थोरला दादा त्याच्या खांद्याला जेमतेम लागायचा. वडील अचानक गेले तेव्हा दादानं शाळेचं दप्तर खुंटीला अडकवून वडिलांची करवत हातात घेतली होती. बारक्या तेव्हा जमिनीवर बसून भुशाचे डोंगर करायचा. त्याला चालायला, सायकल चालवायला, लाकूड ओळखायला सगळं दादानंच शिकवलं.

दादानं एक खुर्ची बाकावर घेतली, पाठ धरून ओढली. ती कुरकुरली आणि निघून आली. त्यानं सांध्याच्या खाचेत बोट घातलं, उजेडाकडे धरून पाहिलं.

"गोंद जसा ओतला तसाच वाळलाय," तो म्हणाला. "साय धरल्यासारखा. सांधा दाबलाच गेला नाही." मग त्यानं मान वर करून भिंतीकडे पाहिलं. तिथं दोन रांगांत शिकंजे टांगलेले होते. वरच्या रांगेत वडिलांच्या वेळचे, काळे, बिडाचे. खालच्या रांगेत नवे, लाल रंगाचे, सडपातळ. सांध्यांना गोंद लावला की तो वाळेपर्यंत लाकूड जबड्यात घट्ट धरून ठेवायचं, एवढंच त्यांचं काम.

"ही लाल माकडं," दादा म्हणाला. "यांनी धरलंच नाही. बाई, चूक आमची आहे. सगळ्या खुर्च्या नव्यानं करून देतो. आणि त्या गृहस्थांचा पत्ता द्या."

बाई पत्ता सांगून गेल्या. लाल शिकंज्यांचा काही दोष नव्हता, हे बारक्याला माहीत होतं. त्या कारखान्यात ते फक्त त्यालाच माहीत होतं.

त्याला ते पहिल्यांदा कळलं ते पटाशीवरून. दादाच्या हातून पटाशी सुटून पडली. दादा हसला, "घाम आलाय हाताला." मग चहाचा कप सुटला. मग एकदा उन्हात दादा हात पसरून फळी न्याहाळत होता, तेव्हा बारक्याला दिसलं की त्याच्या अंगठ्याखालचा मांसाचा उंचवटा बसलाय, तळहाताला तिथं खळगा पडलाय. हा तोच हात होता, ज्याच्याकडे सगळ्या गल्लीतून न उघडणाऱ्या बरण्या यायच्या. दादा झाकण फिरवायचा, बरणी परत द्यायचा आणि म्हणायचा, "आत काय आहे ते चाखवायचं राहिलं."

एके दिवशी सकाळी दादानं एका कपाटाचे दरवाजे गोंद लावून आवळले आणि तो जेवायला घरी गेला. बारक्यानं सहज शिकंज्याची दांडी फिरवून पाहिली, तर ती आणखी दीड वेढा फिरली. सांध्यातून गोंदाचे मणी आता कुठं बाहेर आले. मग त्यानं सगळे शिकंजे फिरून आवळले, ओल्या फडक्यानं मणी पुसले आणि दादा परत आला तेव्हा निमूटपणे करवतीला धार लावत बसला.

त्या दिवसापासून तो रोज म्हणू लागला, "दादा, तू हो पुढं, मी मागून जेवतो." दादा कोपऱ्यावरून वळला की हा उठायचा. गोंद ओला असतो तोवरच काय ते करता येतं, म्हणून घाईघाईनं एकेक दांडी आवळत जायचा. नंतर त्यानं हे लाल शिकंजे आणले. जुन्यांचे आटे झिजलेत असं दादाला सांगितलं. खरं कारण एवढंच, की जुने जड होते आणि दादाला ते भिंतीवरून उतरवताना दोन्ही हात लावावे लागत होते.

सांगायचं त्याच्या कितीदा मनात आलं. पण काय सांगणार? दादा, तुझ्या हातात जोर राहिला नाही? ज्या हातानं आपलं बोट धरलं, त्या हाताबद्दल हे बोलायला तोंड उघडेना. आज नको, उद्या बघू, असं करत तो ढकलत राहिला.

आणि नेमकं तेव्हाच बायकोच्या आईचं ऑपरेशन निघालं. बारक्याला तिच्या गावी जाऊन राहावं लागलं. निघताना त्यानं दादाला बजावलं, "खुर्च्या मी येईपर्यंत जोडू नकोस. लाकूड अजून ओलसर आहे." दादानं लाकूड हातात घेतलं, वास घेतला आणि त्याच्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं. लाकूड हाडासारखं वाळलेलं होतं. बारक्या परत आला तोवर खुर्च्या जोडून, पॉलिश होऊन वाचनालयात गेल्या होत्या. त्यानं जाऊन निदान एक हलवून पाहायला हवी होती. नाही पाहिली. दिसायला तर चांगल्याच दिसत होत्या.

बाई गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी दादानं हार्डवेअरच्या दुकानदाराला बोलावणं पाठवलं. त्याला सगळे नटबोल्ट म्हणत. बुटका, गोल, तोंड कधी बंद नसलेला माणूस. त्यानं येताना माणसांचं वजन करायचा काटा काखेत मारून आणला होता. दादानंच मागवला होता.

"दादा, शिकंज्याची परीक्षा घ्यायची म्हणे," नटबोल्ट म्हणाला. "घ्या. माझा माल नापास झाला तर मी त्याच शिकंज्यात मान देतो."

काटा दोन जाड फळ्यांच्या मधे ठेवायचा, शिकंजा दोन्ही फळ्यांवरून लावायचा आणि आवळायचा. जेवढा दाब, तेवढा काटा पुढं. साधी गोष्ट होती. बारक्याच्या कपाळावर मात्र घाम आला.

"मी आवळतो," तो पुढं होऊन म्हणाला. "तुम्ही दोघं काटा बघा."

त्यानं आधी काळा शिकंजा लावला. त्याचे आटे जाड आणि चौकोनी, दांडी हळूहळू सरकायची, पण प्रत्येक वेढ्याला काटा ठाम पुढं जायचा. शेवटी तो भल्या दांडग्या माणसाच्या वजनाच्या पलीकडे गेला. मग लाल. याचे आटे बारीक होते, मूठ हलकी फिरत होती. शेवटी शेवटी त्याची पट्टी किंचित वाकली, धनुष्यासारखी, पण काटा काळ्याच्या अगदी बरोबरीला येऊन थांबला.

"बघा!" नटबोल्ट टाळी वाजवून म्हणाला. "आता खरं सांगायचं तर तुमचा काळा तो काळाच. पट्टी वाकत नाही, जबडा सपाट, वाडवडिलांचा माल. माझ्याची मूठ गोंदाच्या हातानं सटकते, तेही मान्य. पण दाबायला? दाबायला उन्नीस-बीस नाही, अगदी वीस-वीस."

दादाच्या कपाळावर आठी होती. "याचं काय सांगतोस? हा रेडा आहे. हा कशानंही दाबेल. खुर्च्या मी आवळल्या होत्या. मग परीक्षा माझ्या हाताची हवी."

"दादा, राहू दे ना," बारक्या म्हणाला. "चहा सांगू या."

"सरक."

दादानं लाल शिकंजा लावला. मूठ फिरवली, फिरवली, मग खांदा घातला, ओठ आवळले. काटा थोडा पुढं गेला आणि थांबला. एखाद्या शाळकरी पोराच्या वजनाइतका, तोही हाडकुळ्या.

"बघितलंस?" दादा विजयानं म्हणाला. "हे असं आहे. धरतच नाही."

नटबोल्टचा काही वाईट हेतू नव्हता. आपला माल वाचवायचा, एवढंच त्याच्या डोक्यात. तो म्हणाला, "आता काळ्यावर दाखवा. तराजू दोन्हीकडे सारखा पाहिजे."

बारक्यानं डोळ्यांनी त्याला खूण केली, पण नटबोल्ट काट्याकडे बघत होता. दादानं काळा शिकंजा दोन्ही हातांनी उतरवला, लावला, दांडी फिरवली. काटा शाळकरी पोराच्याही अलीकडे थांबला. दादानं श्वास घेतला आणि पुन्हा जोर लावला. दांडी त्याच्या बोटांतून फिरली, बोटं तिच्यावरून घसरली. काटा हलला नाही. मग त्यानं डाव्या हातानं करून पाहिलं.

नटबोल्टच्या तोंडातलं वाक्य पहिल्यांदाच अर्ध्यात राहिलं.

तेवढ्यात वहिनी आल्या. दादाचा चष्मा घरी राहिला होता तो घेऊन. नटबोल्ट घाईनं म्हणाला, "काटाच बिघडलाय वाटतं. दादांनी फिरवलं तर इथंच अडकतोय. वहिनी, तुम्ही फिरवून बघा बरं जरा. तुमच्यावर पण हाच आकडा आला तर काटा भंगारात."

"मी? मला काय येतंय त्यातलं," म्हणत वहिनी हसत पुढं झाल्या. पदर खोचला, दांडी धरली आणि फिरवली. त्या अंगानं काडीसारख्या. पण घराचं पाणी, कपडे, सगळं त्याच हातांनी ओढलेलं. काटा निघाला तो दादाचा आकडा मागं टाकून थेट दुपटीवर गेला.

"अगं बाई!" वहिनी खळखळून हसल्या. "हे बघा, मी तुमच्यापेक्षा…"

आणि त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं.

दादानं चष्मा घेतला, डोळ्यांवर चढवला, वाकून काटा नीट पाहिला. मग शिकंजा सैल केला, काटा बाहेर काढला, फडक्यानं पुसला आणि नटबोल्टला म्हणाला, "काटा बरोबर आहे. शिकंजेही बरोबर आहेत. काटा राहू दे माझ्याकडे थोडे दिवस."

नटबोल्ट चप्पल अर्धवट पायात घालून गेला. वहिनी दारात थबकल्या, दीर काही सांगतो का बघितलं, आणि मग त्याही गेल्या. दादा बाकावर बसला. दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवले.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"काय कधीपासून?"

"माझ्यामागून आवळतोयस ते."

बारक्या फळ्यांच्या ढिगावर टेकला.

"मला वाटायचं," दादा म्हणाला, "जेवून आलं की सांधा जास्त घट्ट दिसतो. वाटायचं गोंद वाळताना लाकूड ओढून घेतो. इतकी वर्षं काम केलं आणि हे मला नवीनच कळलं, म्हणून मी मनातल्या मनात खूश व्हायचो. मूर्ख."

"दादा, मला तुला दुखवायचं नव्हतं."

"मला नाही दुखवलंस. दुसऱ्याला दुखवलंस." दादाचा आवाज चढला नाही, आणि तेच जास्त वाईट होतं. "तू मला सांगितलं असतंस तर मी चार दिवस रडलो असतो. तो माणूस पडला नसता, बारक्या. त्याचं मनगट तुझ्या मायेनं मोडलं."

संध्याकाळी दोघं त्या गृहस्थांच्या घरी गेले. पूर्वी ते घड्याळं दुरुस्त करायचे. खोलीत सगळीकडे घड्याळं होती, आणि प्रत्येकाची वेळ वेगळी. उजवा हात प्लास्टरमध्ये गळ्यात अडकवलेला. दादानं बसायच्या आधीच सांगून टाकलं, "खुर्ची मी जोडली होती. माझ्या हातात जोर नव्हता आणि ते मला माहीत नव्हतं."

बारक्या मागून म्हणाला, "मला माहीत होतं."

"खुर्चीला काय बोल लावायचा," म्हातारबाबा म्हणाले. "मीच मागच्या दोन पायांवर झुलत होतो. बायको होती तोवर ओरडायची त्यावरून."

"झुलता आलं पाहिजे," दादा म्हणाला. "नाहीतर ती कसली खुर्ची?"

म्हातारबाबांनी डाव्या हातानं पाण्याचा पेला पुढं केला. दादानं दोन्ही हातांनी घेतला. पाणी दोघांच्या मधे सांडलं, आणि दोघांनी ते न बघितल्यासारखं केलं.

डॉक्टरांनी नंतर जे सांगितलं ते लांबलचक होतं, पण त्याचा अर्थ थोडका होता. नसा सुकत चालल्या होत्या. हातापासून सुरू झालं होतं, आता हळूहळू सगळीकडे जाणार होतं. औषध नव्हतं. दादानं फक्त एकच प्रश्न विचारला, डोळ्यांचं काय? डोळे राहतील, डॉक्टर म्हणाले.

त्यानंतर बरेच दिवस दादा कारखान्यात आला नाही. बारक्या सकाळी त्याच्या घरी जायचा, ओट्यावर बसायचा. दादा वर्तमानपत्रातून डोकं वर काढायचा नाही. वहिनी बारक्याला दारापर्यंत सोडायला यायच्या. एकदा त्या म्हणाल्या, "भावोजी, त्या दिवशी मी हसले हो. रात्रंदिवस तेच कानात वाजतं."

"तुम्हाला काय माहीत होतं, वहिनी."

"बायको आहे मी. ताटातला घास खाली पडायचा तेव्हा मला कळायला नको?" त्यांनी पदर तोंडावर धरला. "मी म्हणायचे, नीट लक्ष देऊन जेवा."

मग एका सकाळी दादा आपणहून आला. स्टुलावर बसला. म्हणाला, "काटा काढ. फळ्या लाव."

बारक्यानं लावल्या. दादानं लाल शिकंजा हातात घेतला, आता त्याला तोच झेपत होता. होता तेवढा जोर लावून फिरवला. "वाच."

बारक्यानं आकडा वाचला. मागच्यापेक्षा कमी होता.

"असंच करायचं," दादा म्हणाला. "अधूनमधून. मला माहीत असलं पाहिजे काय उरलंय ते. पण खरं वाचायचं. आता माझ्या मागं काही नाही करायचं, बरंवाईट जे काय ते माझ्या तोंडावर."

वाचनालयाच्या खुर्च्या त्यांनी नव्यानं केल्या. बारक्या आवळायचा आणि दादा सांध्याशी डोळा लावून बसायचा. "अजून. अजून अर्धा. बास, आता जास्त दाबलास तर सगळा गोंद बाहेर येईल, आत काही उरणार नाही." खुर्च्या पोचवायला दादा बरोबर गेला. वाचनालयात सगळे बघत असताना तो एकेका खुर्चीत बसला आणि मागचे दोन पाय टेकवून झुलला. बाईंना हसू आवरलं नाही. बारक्याला मात्र तिथं उभं राहणं जमेना, तो बाहेर जाऊन गाडीचा दोर गुंडाळत बसला.

काटा उतरत गेला. पोराचं वजन, मग कडेवरच्या बाळाचं, मग एखाद्या पिशवीचं. एकदा बारक्याला राहवलं नाही आणि त्यानं आकडा थोडा वाढवून वाचला. दादा म्हणाला, "मला इथून काटा दिसत नाही, पण तुझं तोंड दिसतं." बारक्यानं खरा आकडा सांगितला.

मग असा दिवस आला की दादाची बोटं मुठीभोवती वळलीच नाहीत. बारक्यानं ती एकेक करून वळवून दिली. दादानं डोळे मिटले, मान ताणली, गळ्याच्या शिरा वर आल्या. मूठ जागची हलली नाही.

"वाच."

बारक्यानं काटा पाहिला. "काही नाही, दादा."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

"बरं," दादा म्हणाला. "आता नटबोल्टला काटा देऊन टाक त्याचा."

त्यानंतरही बरेच महिने वहिनी आणि बारक्या त्याला दोन्हीकडून धरून कारखान्यात आणायचे. खुर्चीत बसवायचे, मागं उशी लावायचे. तो डोळ्यांनी काम बघायचा. बोलणं जड झालं तेव्हा भुवईनं सांगायचा, वर म्हणजे अजून, खाली म्हणजे बास. बारक्या त्याला काहीही लपवत नव्हता. वाकडी फळी दाखवायचा, फुकट गेलेलं लाकूड दाखवायचा, डॉक्टर काय म्हणाले तेही जसंच्या तसं सांगायचा. दोघांच्या आयुष्यात एवढं खरं ते पूर्वी कधी बोलले नव्हते. थंडी संपता संपता दादा गेला, दिवसाउजेडी, बारक्या त्याला भरवत असताना. घास तोंडातच राहिला.

कारखाना काही दिवस बंद होता. मग वाचनालयाच्या बाईंनी लांब टेबल सांगितलं, भिंतीपासून भिंतीपर्यंतचं. बारक्या नाही म्हणणार होता. एवढ्या लांब फळ्या एकट्यानं जोडता येत नाहीत. गोंद लावला की दोन्ही टोकांना एकदम आवळावं लागतं, नाहीतर फळ्या सरकतात. पण नाही म्हणायला तो दारात आला आणि हो म्हणून बसला.

फळ्या तयार झाल्या. तो त्यांच्याकडे बघत नुसता बसून होता, तेव्हा वहिनी आल्या. दादाचा जुना शर्ट साडीवरून घातलेला, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या.

"त्या टोकाला मी धरते," त्या म्हणाल्या.

"वहिनी, तुम्ही कशाला…"

"घरी बसून भिंती मोजू का?"

त्यानं गोंद लावला. फळ्या एकमेकींना भिडवल्या. वहिनींनी एका टोकाला शिकंजा चढवला, त्यानं दुसऱ्या टोकाला. दोघं एकदम फिरवू लागले. वहिनींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात दांडीवर होते, म्हणून त्यांनी ते पुसलं नाही.

"एवढं बास?" त्यांनी विचारलं.

तो वाकला, सांध्यावरून बोट फिरवलं. बोट कोरडंच राहिलं.

"नाही, वहिनी," तो म्हणाला. "अजून थोडं लागेल."